दिल्लीत फटाकेबंदी, मग वाशिममध्ये काय?

दिवाळी आली की दिल्लीच्या फटाकेबंदीची बातमी मोबाइलवर येते आणि रिसोड, कारंजातही प्रश्न सुरू होतो : आपल्याकडेही बंदी आहे का?

सरसकट बंदी नाही. पण मोकळे रानही नाही. बेरियमचे फटाके आणि लडी यांच्यावरील बंदी देशभर आहे. हे आदेश फक्त दिल्लीपुरते नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले. दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळही त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलेली. त्याच वर्षी, २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाने मुंबईला आधी ७ ते १० असे तीन तास दिले. हवा बिघडलेलीच राहिल्याने काही दिवसांत एक तास कापला.

मग गावागणिक बदलते काय? मुख्यतः जागा आणि परवाना. हंगामी दुकानांत किमान ३ मीटर अंतर, एका ठिकाणी जास्तीत जास्त ५० दुकाने, हे नियम केंद्राचे. मैदान कोणते, हे मात्र स्थानिक प्रशासन ठरवते.

खरी अडचण अंमलबजावणीची. बेरियम डोळ्यांनी ओळखता येत नाही, पण लड दिसते, घड्याळही दिसते. २०१८ च्या आदेशात उल्लंघनासाठी जबाबदार धरले आहे ते त्या-त्या ठाणेदाराला.