पाणी कोठे मुरते?

माणसाची परीक्षा करायची झाली, की आपण त्याचे पाणी जोखतो. तो घाबरला, तर त्याच्या तोंडचे पाणी पळते. हिशेबात गडबड दिसली, तर कोठेतरी पाणी मुरते आहे असे म्हणतो. आणि सहन होईनासे झाले, की पाणी डोक्यावरून जाते. वर्गात हे वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पण हे सगळे एकाच यंत्राला अगदी शब्दशः लागू पडतात, हे मला यंदा कळले. ते यंत्र म्हणजे जुन्या जीपगाडीचा रेडिएटर!

वाचक म्हणतील, ऐन दिवाळीत, फराळाचे ताट समोर असताना हा मराठीचा मास्तर रेडिएटर कोठून घेऊन आला? पण वाचकहो, जुनी वस्तू दुरुस्त करावी की नवी आणावी, आणि नवी आणायची तर कोणती, या प्रश्नावरून भांडण झाले नाही असे घर मला दाखवा. आमच्याकडे ते जीपच्या रेडिएटरवरून झाले, एवढेच.

माझे मामा पोलादपूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीत राहतात. पंचाहत्तरी उलटली, तरी आपली जुनी सीजे-३बी जीप ते स्वतः चालवतात. या गाडीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. विलिस कंपनीची जीप दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी बनली. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. १९५३ साली विलिसने सीजे-३बी काढली. तिच्यातले नवे इंजिन आधीच्या इंजिनाहून उंच होते, म्हणून तिचे बोनेटही उंच करावे लागले. हीच उंच कपाळाची जीप पुढे कित्येक वर्षे आपल्याकडे तयार होत राहिली, आणि डोंगरदऱ्यांतून, धरणांच्या कामांवरून, सरकारी दौऱ्यांतून सगळ्यांच्या ओळखीची झाली.

मामांच्या वाडीचा शेवटचा रस्ता म्हणजे दगडगोट्यांची चढण. तेथे रिक्षा येत नाही, शहरातली मोटार पोट घासते. २०२१ च्या जुलैत महाडला महापूर आला, त्या भागात दरडी कोसळल्या, तेव्हा जेथवर रस्ता शिल्लक होता तेथवर याच जीपने तांदळाची पोती पोचवली आणि म्हातारी माणसे खाली आणली. वाडीतली सून अडली, कोणाला साप चावला, तरी रात्री-अपरात्री मामांचेच दार वाजते. तेव्हा ही गाडी काही हौसेची गाडी नव्हे. आणि ती चढणीवर उकळू लागली, ही गोष्ट एका घरापुरती राहिली नाही.

माझा मामेभाऊ पुण्यात इंजिनिअर आहे. त्याने फैसला दिला, “आप्पा, रेडिएटर टाका भंगारात. मी ॲल्युमिनियमचा आणून देतो.” मामा म्हणाले, “पितळ-तांब्याची वस्तू टाकतात होय रे? जाळी बदलून घेऊ.” दोघेही हट्टी, तीन दिवस जेवणे मुकाट्याने झाली. शेवटी मामी वैतागून म्हणाल्या, “मास्तरला विचारा.” माझी निवड कशासाठी, तर मला यातले काही कळत नाही म्हणून! पंच निःपक्षपाती हवा, ही त्यांची कल्पना. मीही मग परीक्षेचे पेपर तपासावेत तसा हा विषय तपासला.

पहिली गोष्ट अशी, की गाडी उकळली म्हणजे रेडिएटर दोषी, असे धरून चालू नये. जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळ मानाने एकतृतीयांश भाग पाण्यातून बाहेर जातो. हे पाणी इंजिनाभोवती फिरते, तापते, रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, चपट्या नळ्यांमधून खाली उतरते, उतरताना वाऱ्याला उष्णता देते आणि खालच्या टाकीतून पुन्हा इंजिनात जाते. या फेऱ्यात पंप आहे, पंख्याचा पट्टा आहे, रबरी नळ्या आहेत, आणि थर्मोस्टॅट नावाचा एक द्वारपाल आहे. यातला कोणीही कामचुकार निघाला, तरी आळ रेडिएटरवर येतो.

म्हणून आधी चौकशी करावी. गाडी सावकाश चढताना तापते, पण सपाटीवर वेगाने जाताना शांत राहते, तर संशय पंख्यावर घ्यावा. कारण वेग असला की वारा आपण होऊन येतो, घाटात तो पंख्यालाच ओढावा लागतो. उलट वेगात तापते आणि सावकाशीत नाही, तर पाण्याची वाट कोठेतरी तुंबली आहे किंवा खालची रबरी नळी ओढीने आत चिमटली जाते आहे. थंड गाडी सुरू करताच वरच्या टाकीत बुडबुड्यांची रांग लागली, तर हेड गॅस्केटकडे पाहावे. तेथे नवा रेडिएटर बसवणे म्हणजे दात दुखत असताना चष्मा बदलणे. गाडी तापवून बंद केल्यावर जाळीच्या अंगावरून जपून हात फिरवला आणि मध्येच थंड पट्टे लागले, तर तेवढ्या नळ्या बुजल्या असे समजावे. मामांच्या रेडिएटरचा उजवीकडचा भाग असाच थंड होता. आळ खरा ठरला.

नळ्या बुजतात कशाने? ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने. पातेल्याच्या तळाशी जसा पांढरा थर धरतो, तसाच नळीत आतून धरतो. कारागीर टाकी उघडून एकेका नळीत चपटी सळई घालतात आणि तो खरवडून काढतात. पण नळ्या आणि पंख झिजले असतील, तर ही मलमपट्टी फार दिवस टिकत नाही.

आता झाकणाविषयी. आमच्या भगिनीवर्गाला हे शास्त्र समजावून सांगण्याची गरजच नाही. त्या रोज प्रेशर कुकर लावतात. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. झाकणावर ७ पौंडांचा आकडा असेल, तर समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळेल. १५ पौंडांच्या झाकणाखाली सुमारे १२१ ला. उलट उंचीवर हवेचा दाब घटतो. आंबेनळी घाटाने पोलादपूरहून महाबळेश्वरला चढलो, की उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९६ अंशांनाच उकळते; म्हणजे इंजिन कष्टाने तापलेले असते, त्याच वेळी पाण्याची सहनशक्ती कमी झालेली असते! मग जास्त दाबाचे झाकण का लावू नये? मामेभावाने हेच विचारले. लावू नये अशासाठी, की जुन्या रेडिएटरचे सांधे डाखाचे असतात; मूळ गाडीला जेवढ्या दाबाचे झाकण दिलेले असते, तेवढेच त्यांना पेलते. जास्त दाब दिला तर पाणी उकळणार नाही, पण सांधा उकलेल. आणि झाकण कोणत्याही दाबाचे असो, गाडी तापलेली असताना ते उघडू नये. घरातल्या मुलांना हे जरूर सांगावे.

थर्मोस्टॅटलाही न्याय मिळायला हवा. ‘गाडी तापते ना? थर्मोस्टॅट काढून फेका,’ असा सल्ला नाक्यानाक्यावर मिळतो. तो काढला की इंजिन जेवढे गरम असायला हवे तेवढे होतच नाही; पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते. द्वारपाल झोपला तर दुसरा नेमावा; दरवाजाच काढून टाकू नये.

आता खरा वाद, तांबे-पितळ की ॲल्युमिनियम? मामांचा मुद्दा असा, की तांबे उष्णता चांगली वाहून नेते. ते खरेच आहे; या कामात तांबे ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक सरस आहे. पण मामेभाऊही खोटे बोलत नव्हता. जुन्या रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या, पंख तांब्याचे, आणि दोघांच्या मध्ये डाख. डाख उष्णतेच्या वाटेत अडथळा आणतो. ॲल्युमिनियमचा रेडिएटर भट्टीत एकजीव सांधलेला असतो. त्याच्या नळ्या रुंद करता येतात. म्हणून रुंद नळ्यांच्या दोन रांगा जुन्या अरुंद नळ्यांच्या तीन रांगांच्या बरोबरीने काम करू शकतात. शिवाय ॲल्युमिनियम वजनाने तांब्याच्या एकतृतीयांशाहूनही हलके. त्याला पथ्य मात्र कडक असते. साधे विहिरीचे पाणी चालत नाही. शुद्ध पाण्यात कूलंट योग्य प्रमाणात मिसळूनच घालावे लागते. निव्वळ कूलंट ओतणेही बरे नव्हे, कारण उष्णता वाहण्यात पाण्याची सर त्याला नाही. आणि नेहमीचे इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. त्याचा डबा मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवावा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. जाळीचे पंख जितके दाट, तितका रेडिएटर थंड, हे स्वच्छ रस्त्यावर खरे. चिखलात, गवतात हिंडणाऱ्या गाडीच्या दाट पंखांत गवताचे बी आणि चिखल असा बसतो, की वाराच बंद होतो. तेथे विरळ पंख बरे. पाण्याच्या हलक्या धारेने साफ होतात. नळ्यांच्या रांगा वाढवण्याचेही तसेच. चौथ्या रांगेपर्यंत वारा पोचतो तो आधीच्या तिघींनी तापवलेला. पंगतीत शेवटच्या पानावर जिलेबी पोचते तशीच ही गत.

आणि दुकानात जाऊन नुसते ‘जीपचा रेडिएटर द्या’ म्हणू नये. कित्येक जुन्या जीपांत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवलेले असते. अशा गाडीत नळ्यांची तोंडे वेगळ्या बाजूला आणि उष्णतेचे मानही वेगळे. रेडिएटर निवडायचा तो इंजिन पाहून, बोनेट पाहून नव्हे. मामांच्या गाडीत इंजिन मूळचेच होते, म्हणून हा पेच आला नाही.

एवढा अभ्यास झाल्यावर मी दोघांना समोर बसवून विचारले, “गाडी कोणत्या वाटेने चालते? बिघडली तर कोठे बिघडेल? आणि तेथून जवळ कोण आहे?” पुण्यात राहणारा, सुट्टीच्या दिवशी हमरस्त्याने लोणावळ्याला जाणारा जीपवाला असता, तर मी डोळे मिटून ॲल्युमिनियमच्या बाजूने निकाल दिला असता. पण मामांची गाडी दगड उडालेल्या वाटेवर बिघडणार, आणि जवळचा माणूस महाडचा. तो गृहस्थ साठीच्या पुढचा, नुसता वरवर डाख देणारा नव्हे, तर टाकी उतरवून नळी न् नळी तपासणारा. तांबे-पितळेची गळती तो दुपारपर्यंत बंद करून देतो. ॲल्युमिनियमला लागणारे साधन त्याच्याकडे नाही.

मामेभाऊ जरा वेळाने म्हणाला, “दादा, ते ठीक आहे. पण तो तरी आणखी किती वर्षं? त्याचा मुलगा एमआयडीसीत कामाला जातो.” यावर मामा गप्प राहिले. मीही राहिलो, कारण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मुलाने बापाची भट्टी सांभाळावी असे आपण पुण्यात बसून सांगणे शोभतही नाही.

निकाल असा झाला. जुन्या पितळी टाक्या ठेवल्या. मधली जाळी नवी, तीन रांगांची, विरळ पंखांची. थर्मोस्टॅट आणि रबरी नळ्या नव्या. झाकण पहिल्याच दाबाचे. पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवले, म्हणजे पंखा ओढतो तो सगळा वारा जाळीतूनच येईल. खाली रबराच्या नव्या गाद्या, कारण दगडांवर जीपचा सांगाडा पिळवटतो आणि तो पीळ रेडिएटरला सोसावा लागतो. विहिरीचे पाणी बंद.

जुनी जाळी उतरवून ठेवली होती, तेव्हा मामेभाऊ टेप घेऊन बसला. उंची, रुंदी, नळ्यांच्या तोंडांचा व्यास, भोकांमधले अंतर, सारे त्याने एका वहीत आकृती काढून उतरवले. “कशाला रे?” मामांनी विचारले. तो म्हणाला, “पुढेमागे कारागीर नसला, तर याच मापाचा ॲल्युमिनियमचा करून घेता येईल.” मला वाटले, आता पुन्हा भांडण होणार. पण मामांनी वही हातात घेतली, चष्मा लावून आकडे पाहिले आणि एक माप चुकीच्या बाजूने घेतले होते ते दाखवून दिले. वही आता जीपच्या खणात, गाडीच्या कागदपत्रांबरोबर असते. यंदाच्या पावसाळ्यात गाडी दोनदा रात्री खाली उतरली आणि दोन्ही वेळा, न उकळता, वाडीवर परत आली.