बारा पाहुणे आणि एक पातेले

भाऊबीजेनंतरच्या रविवारी आमच्या चार कुटुंबांचे एकत्र जेवण असते. ही मैत्री ह्यांच्या शाळेतली, 1907 साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीतली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला; आमचे नातलग नांदेड-परभणीकडे राहिले आणि आमची घरे इथेच काचीगुड्यात राहिली. तेव्हापासून सणाला दारात येणारे मित्र हेच आमचे सोयरे झाले.

पुढे पुढे मात्र या जेवणाला चढाओढीचे वळण लागले. एकीने पाच पदार्थ केले की दुसरी सात करी. गतवर्षी पाळी माझी होती आणि उजव्या मनगटाचे प्लास्टर नुकतेच निघाले होते. "यंदा राहू द्यावे," असे मी म्हटले. हे काही बोलले नाहीत. पण एकदा खंडलेली गोष्ट आमच्या वयात पुन्हा सुरू होत नाही, हे दोघांनाही कळत होते.

सूनबाई म्हणाली, "आई, एकच पदार्थ करू या. मी मोठे पातेले भरून पास्ता करते." मला हसू आले. म्हटले, "अगं, तो तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे!"

खरोखरच आहे. लग्नघरी खिरीसाठी वळले जाणारे गव्हले, मालत्या, नखुले आणि बोटवे ही दुसरे काय आहेत? इटलीत पास्त्यासाठी जो कडक गहू वापरतात, त्याच जातीचा आपला बन्सी. आमच्या तेलुगू शेजारणीकडे विनायक चवितीला तांदळाच्या पिठाच्या वळ्या दुधात शिजवून पाल तालिकलु करतात आणि रमजान ईदला शीरखुर्म्याच्या शेवयांचा वाडगा आमच्या घरी येतो. पोटभरीच्या तिखट जेवणासाठी आपल्याकडे चकोल्या आहेत. त्यांनाच कुणी वरणफळे म्हणतात, तर गुजराती मंडळींची दाळढोकळी त्यांची सख्खी बहीण.

पण चकोल्या पाहुण्यांपुढे? सासूबाईंच्या काळी घरात भाजी नसे त्या दिवशी चकोल्या होत आणि दारात कोणी आले की पातेल्यावर झाकण पडे. तो संकोच माझ्याही मनात होता. सूनबाईने आग्रह धरला नसता, तर तो तसाच राहिला असता.

बारा जणांसाठी प्रमाण असे आहे. तीन वाट्या तुरीची डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवून घोटावी. सहा वाट्या कणकेत मीठ, हळद, तिखट, चमचाभर ओवा आणि चार चमचे तेलाचे मोहन घालून पुरीसारखी घट्ट भिजवावी व अर्धा तास झाकून ठेवावी. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजत घालावी.

मोठ्या पातेल्यात पाऊण वाटी तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, कढीलिंब, ठेचलेल्या पंधरा लसूण पाकळ्या आणि चार हिरव्या मिरच्या यांची फोडणी करावी. तीत हळद, दोन चमचे तिखट आणि तीन चमचे काळा मसाला घालून लगेच वरण ओतावे. मसाला जळता कामा नये. मग चिंचेचा कोळ, सुपारीएवढे दोन गुळाचे खडे, मीठ आणि अठरा वाट्या पाणी घालावे. वरण आमटीहून पातळ दिसले, तरी भिऊ नये. कणीक पाणी ओढते.

पोळ्या पातळ लाटून शंकरपाळ्यांच्या कातण्याने चौकोन कापावेत आणि कोरड्या कापडावर सुटे पसरावेत. नवी नवरी असताना मी सगळे चौकोन एकदम पातेल्यात लोटले होते; त्यांचा असा गोळा झाला की तो शेवटी सुरीने कापून वाढावा लागला. म्हणून वरणाला खळखळून उकळी येऊ द्यावी आणि मूठ-मूठ चौकोन सोडून दर वेळी तळापासून ढवळावे. सगळे घातल्यावर पंधरा मिनिटे मंद आचेवर शिजवावे. एक चौकोन मोडून पाहावा. मध्ये पांढरी रेघ दिसली, तर अजून कच्चा आहे. शेजारी आधणाचे पाणी ठेवावे, कारण चकोल्या बसल्या की घट्ट होतात. वरून कोथिंबीर, सुके खोबरे आणि सढळ हाताने साजूक तूप घालावे. सोबत कांदा, भाजलेला पापड आणि शेंगदाण्याची चटणी असली की पुरे.

माझे मनगट चालत नव्हते, म्हणून मंडळींनाच कामाला लावले. बायकांनी पोळ्या लाटल्या. कातणे पुरुषांच्या हाती गेले आणि पन्नास वर्षांच्या मैत्रीत प्रथमच ते सारे स्वयंपाकघरात बसले. चौकोनांचे त्रिकोण झाले, क्वचित काही ओळखू न येणारेही झाले; शिजल्यावर सगळे सारखेच लागले. ह्यांच्या एका शाळासोबत्याच्या बेगमसाहेबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ये तो हमारी खट्टी दालकी बहन है!" चिंचेने हैदराबादी जिभेची ओळख क्षणात पटवली. पातेले रिकामे झाले तेव्हा मला सासूबाईंची आठवण आली. त्या असत्या, तर त्यांनी झाकण ठेवले नसते, असे वाटते.

यंदाची पाळी दुसऱ्या घरची आहे. काय करणार, असे मी फोनवर विचारले, तर उत्तर आले, "वहिनी, तुमचे कातणे तेवढे घेऊन या. आमच्याकडे एकच आहे आणि कापणारे चौघे आहेत."