भिजत घोंगड्याचे सौंदर्यशास्त्र

मळके कपडे सोड्याच्या पाण्यात भिजत घालण्यात समाधान आहे, हे कोण नाकारील? क्षार तेलकट मळ सैल करतो. आपण स्वस्थ बसावे आणि काम पुढे सरकावे. आपल्या ललित निबंधाला हेच समाधान प्रिय. पिळण्याच्या वेळी मात्र तो उठून जातो आणि धुणे घरातील बाईच्या वाट्याला येते. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार मराठीत उगाच रुळलेला नाही.

१९३६ साली गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रम होते. त्या कसोटीवर भिजवणे ही श्रमाची केवळ प्रस्तावना ठरते. ओल्या खादीचे वजन मनगटाला कळल्याखेरीज स्वच्छतेच्या सौंदर्यावर लिहिण्याचा अधिकार कोणी सांगू नये. ज्याने बादली भरली, त्यानेच ती उपसावी.