विश्लेषण : डोळ्याच्या पडद्याचा मूत्रपिंडाशी काय संबंध?

चष्म्याचा नंबर बदलायला गेलेल्या पन्नाशीतल्या माणसाला नेत्रतज्ज्ञ कधी कधी भलताच प्रश्न विचारतात : ‘लघवीची तपासणी शेवटची कधी केली?’ डोळ्यांच्या दवाखान्यात लघवीचा काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संबंध आहे आणि तो सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आहे.

डोळ्यात नेमके काय दिसते?

केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या शरीरात सर्वत्र असतात. मात्र चिरफाड न करता त्या थेट पाहता येतात, त्या डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थाल्मोस्कोप तयार केला, तेव्हापासून डॉक्टरांना ही खिडकी मिळाली. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर या अमेरिकी डॉक्टरांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची पडद्यावरील बदलांनुसार चार गटांत विभागणी केली. प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात चौथ्या गटातील बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. पडदा केवळ दृष्टीबद्दल बोलत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

मूत्रपिंड, मेंदू यांच्याशी नाते कसे?

वाढलेली साखर आणि वाढलेला दाब बारीक वाहिन्यांचे अस्तर खराब करतात. पडद्यावर त्या फुगतात, पाझरतात, बंद पडतात. मूत्रपिंडातली गाळणीही अशाच वाहिन्यांच्या गुंतवळ्याची असते. ती बिघडली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते. पडदा तर गर्भावस्थेत मेंदूच्याच ऊतीपासून तयार होतो. त्यामुळे रक्तदाबाच्या खुणा पडद्यावर असलेल्यांना पक्षाघाताचा धोका अधिक असतो.

हे नुकसान टळते का?

बऱ्याच अंशी. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील अमेरिका-कॅनडातील डीसीसीटी अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. साखर काटेकोर आटोक्यात ठेवलेल्या आणि आधी पडद्याचा विकार नसलेल्या रुग्णांमध्ये तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. त्याच अभ्यासात मूत्रपिंड आणि मज्जातंतूंचे नुकसानही कमी झाले. एका उपायाने तिन्ही अवयवांना फायदा झाला, कारण दुखण्याचे मूळ एकच होते.

मग पडद्याचा फोटो पुरेसा आहे?

नाही. टाइप २ मधुमेहात पडदा निर्दोष असूनही मूत्रपिंड बिघडलेले असू शकते. गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पडद्याच्या छायाचित्रांवरून संगणकाला वय, रक्तदाब, धूम्रपान यांचा अंदाज बांधता येतो, असे दाखवले. हे आश्वासक असले, तरी अंदाज म्हणजे निदान नव्हे. फोटो इशारा देतो. खातरजमा लघवी, रक्त आणि रक्तदाबाच्या तपासणीनेच होते.

काय बदलायला हवे?

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. पडद्याचा विकार सुरुवातीला दुखत नाही आणि अंधुकही दिसत नाही. म्हणून ‘दिसतंय ना नीट’ या भरवशावर राहणे घातक ठरते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच बाहुली मोठी करून पडदा तपासावा आणि पुढे साधारण दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तसा, पुन्हा तपासावा.

पण सारा भार रुग्णावर टाकून चालणार नाही. आपल्याकडे डोळ्याचा कागद एका फाइलमध्ये, लघवीचा दुसऱ्या आणि रक्तदाबाची नोंद तिसरीकडे असते. गावातून तालुक्याला येणाऱ्याने प्रत्येक तपासणीसाठी एकेक दिवसाची मजुरी बुडवावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. साखर मोजणाऱ्या आरोग्य केंद्रातच त्याच दिवशी पडद्याचा फोटो आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी व्हावी आणि तिन्ही निकाल एकाच डॉक्टरसमोर यावेत. आजार अवयवांच्या सीमा पाळत नाही; मग उपचारांच्या खिडक्या तरी वेगवेगळ्या का?