खोली हेही दुकानच

उपाहारगृहांच्या गल्ल्यामागे ‘प्रवेशाचे हक्क राखीव’ अशी पाटी पुष्कळदा आढळते. ती वाचून कोणालाही वाटावे की, कोणाला बसू द्यायचे आणि कोणाला नाही, हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर आहे. वस्तुतः ही मर्जी संविधानाने बरीच आखडून ठेवली आहे. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यास वा बिल बुडवणाऱ्यास मालकाने खुशाल बाहेर काढावे. तेथे प्रश्न वर्तनाचा असतो. परंतु केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करण्यास कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे अनुच्छेद १५(२) सांगतो. मूलभूत हक्कांतील बहुतेक तरतुदी सरकारला उद्देशून आहेत. ही मात्र थेट खाजगी मालकाला बांधते.

यातील ‘दुकान’ या शब्दावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत जी चर्चा झाली, ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनी शब्दार्थविचाराचा पाठ म्हणून जरूर वाचावी. न्हावी आणि धोबी यांचे काय, असा प्रश्न निघाला होता. डॉ. आंबेडकरांनी शब्दाचा अर्थ चार भिंती व फळ्या यांतून सोडवून घेतला. येईल त्याला आपली सेवा देण्यास जो तयार आहे, त्याचे स्थान ते दुकान, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. नुसते आत पाऊल टाकण्याची मुभा त्यांना अभिप्रेत नव्हती. अटी मान्य असतील तर सेवा मिळालीच पाहिजे, हे अभिप्रेत होते. एका शब्दाने इतके मोठे काम केल्याची उदाहरणे आपल्या वाङ्मयातही थोडीच सापडतील.

गल्ल्यावरची लढाई महाराष्ट्रात त्याआधीच सुरू झाली होती. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळाने चहाचे हॉटेल काढले, तेव्हा तेथे नकार उलट्या दिशेने आला. मालक अस्पृश्य म्हणून गिऱ्हाईक फिरकेना, आणि मग महाराज स्वतः गाडी थांबवून तेथील चहा घेऊ लागले. असो. त्या लढाईचे बरेचसे फळ आज बारामती एमआयडीसीत दिसते. पाळी सुटल्यावर टपरीवर चहा पिणाऱ्या कामगाराला कोणी आडनाव विचारीत नाही.

आडनाव विचारले जाते ते संध्याकाळी, कटफळ, रुई, जळोचीकडे खोली शोधत फिरताना. ‘गाव कोणतं? कोणापैकी?’ हे प्रश्न इतक्या सहजपणे येतात की विचारणाऱ्याला त्यांत काही वावगे वाटतच नाही. मराठवाड्यातून आलेला दलित तरुण, मुसलमान फिटर, बिहारी हेल्पर यांना एकच उत्तर मिळते: ‘खोली गेली.’ बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायक सुरतेजवळच्या उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि निवाऱ्यासाठी जात लपवतो; ती उघड झाल्यावर मार खातो. हा संग्रह १९६३ चा. आम्ही तो वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी त्याला भूतकाळाचा दस्तऐवज समजतात. त्यांतलाच एखादा पदवीनंतर एमआयडीसीत लागला की त्याला ती कथा निराळी वाचता येते.

मग खोली हे दुकान आहे काय? सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल येथे दोन दिशांना ओढतात. २००५ मध्ये अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याची मुभा मिळाली. उलट २०११ मध्ये दिल्लीच्या आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसच्या प्रकरणात न्यायालयाने आंबेडकरांच्या त्याच खुलाशाचा आधार घेऊन ‘दुकान’ हा शब्द खाजगी शिक्षणसंस्थांपर्यंत नेला. महाविद्यालय दुकान ठरू शकते, तर दाराशी ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावलेली, उसाच्या पैशातून बांधलेली दहा खोल्यांची चाळ का ठरू नये, हे आम्हांला उमगत नाही.

यावर सांगितले जाते की घर खाजगी असते. राहत्या घरातलीच एक खोली, सामाईक मोरी, घरात म्हातारी माणसे, अशा मालकाची अडचण आम्ही खोटी मानत नाही; तेथे कायद्याने फार पुढे जाऊ नये. पण भाड्यासाठीच बांधलेल्या ओळीला घर म्हणणे ही शब्दाची फसवणूक आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका वेबसाइट रचनाकार स्त्रीला समलिंगी विवाहांसाठी काम करण्याचे नाकारण्याची मोकळीक दिली, ती तिचे काम ही अभिव्यक्ती आहे म्हणून. तो निकाल आम्हांला पटत नाही. पण त्यातला तर्क मान्य केला तरी पत्र्याची खोली भाड्याने देण्यात मालकाची कोणती अभिव्यक्ती असते?

अस्पृश्यतेपुरता कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमात कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास वा वापरण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. त्याची शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. हा दंड १९७६ च्या दुरुस्तीतला आहे. आज तेवढ्यात एका खोलीचे महिन्याचे वीजबिलही भागायचे नाही. पण त्याच अधिनियमाचे कलम १२ मोलाचे आहे. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले, असे न्यायालय गृहीत धरते आणि उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. ‘खोली गेली’ एवढे म्हणून त्याला सुटता येत नाही. ती कोणाला गेली, हे त्याला दाखवावे लागेल. तेच दोन शब्द ऐकून परत फिरणाऱ्या मुसलमान फिटरला किंवा बिहारी हेल्परला मात्र या कलमाचा काडीचाही उपयोग नाही.