आधी हात घाला, मग खत टाका

तलावात बोटुकली सोडायचे दिवस आले की आपल्या बालाघाट-गोंदियाकडे एकच धावपळ: शेण टाका, युरिया टाका, पाणी हिरवं करा. हा हिरवा रंग वनस्पती प्लवकांचा. नुसत्या डोळ्यांना सुटे न दिसणारे हे जीव सिल्व्हर कार्प थेट खातो. कतला खातो ते बारीक किडेही त्यांच्यावरच पोसतात.

नॉर्वेच्या उत्तरेच्या थंड समुद्रातही हाच हिशेब आहे. हिवाळ्यात तिथे अंधार, प्लवक वाढत नाहीत. वसंतात ऊन आलं की पाणी हिरवं होतं आणि त्याच्याच जोरावर कॉड माशापर्यंतची साखळी चालते. त्यांना उन्हाची टंचाई, आपल्याला ऊन भरपूर. म्हणून आपला धोका उलटा, पाणी जास्त हिरवं होण्याचा.

प्लवक दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री तोच ओढतात. दोन-तीन दिवस ढग राहिले की पहाटे मासे तोंड वर काढतात. मासा मेला की ठेक्याचा पैसा बुडालाच.

म्हणून अंदाजाने खत नको. दुपारी उन्हात हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर. मनगटाशीच दिसेनासा झाला तर खत बंद. कोपर बुडूनही स्पष्ट दिसला, तरच थोडं खत. गढूळ पाण्यात मात्र ही परीक्षा चालत नाही.

सोसायटीने हा नियमच करावा, असं माझं मत. तुमचं काय?