रविवारची नदी

शनिवारच्या पहाटे मुंबईहून आणि पुण्याहून कोलाडच्या दिशेने निघालेल्या मोटारींची रांग पाहिली म्हणजे आपल्या नागर समाजाच्या सुट्टीविषयीच्या कल्पना किती पालटल्या आहेत, हे निराळे सांगावयास नको. महाबळेश्वर-माथेरानच्या थंड हवेने ज्यांच्या वडिलांचे समाधान होत असे, ते आज चार मित्र जमवून कुंडलिकेच्या पात्रात रबरी तराफ्यावर वल्ही मारावयास जातात, एकट्याच्या कयाकमध्ये बसून संथ पाण्यावर फिरतात आणि रात्री काठावर तंबू ठोकून मुक्काम करतात. या हौसेची कुचेष्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. आठवडाभर संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसणाऱ्या तरुणाने दोन दिवस उघड्यावर काढावे, तळहाताला फोड येईतो वल्हे चालवावे, सोबत्याच्या हाकेसरशी एका ठेक्यात हात हलवावयास शिकावे, यात गैर ते काय? ज्या वर्गाने पोहण्याचा संबंध फरशी बसवलेल्या तलावापुरताच ठेवला, त्याची नदीशी पुन्हा ओळख होत असेल तर ती इष्टच होय. मात्र ही ओळख कोणत्या नदीशी होत आहे, याचा विचार काठावर जमलेल्यांपैकी फारच थोडे करतात असे दिसते.

कोकणातील बहुतेक नद्या पावसाळा सरला की लवकरच आटू लागतात. मग कुंडलिकेला ऐन वैशाखात तराफे वाहून नेण्याइतके धावते पाणी येते कोठून? ते पाणी मुळी तिचे नव्हेच. घाटमाथ्यावर मुळशी येथे मुळा नदी अडवून जो जलाशय केला, त्याचे पाणी सह्याद्री ओलांडून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात आणले जाते आणि जनित्रे फिरवून झाल्यावर कुंडलिकेत सोडले जाते. १९२७ पासून हा क्रम चालू आहे. जे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जावयाचे, ते रोह्यावरून रेवदंड्यास अरबी समुद्राला मिळते. याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला आणि त्यानेच पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे बिरुद दिले. जमिनी गेल्या त्या मुळशी पेट्याच्या, दिवे लागले ते मुंबईत, आणि आता उरलेल्या पाण्यावर मुंबईकर वल्ही मारतो आहे! हा आमचा टोमणा नव्हे. पण तराफ्यावर बसण्यापूर्वी ही हकीकत कोणी सांगितली तर सहलीची गोडी कमी होणार नाही.

सांगण्याचे कारण केवळ इतिहासाचे नाही. विजेची गरज असेल तेव्हा जनित्रे फिरावयाची आणि जनित्रे फिरली म्हणजे नदी वाहावयाची, असा येथील हिशेब आहे. सकाळी काठावर हेल्मेट घालून उभी असलेली मंडळी वस्तुतः पाणी सुटण्याची वाट पाहत असतात. ते सुटले नाही तर पात्रात गोटेच दिसतात. आकाशात ढगाचा ठिपका नसताना ही नदी चढते. भरदुपारी, कोणतीही चाहूल न देता, मघाशी कोरडा असलेला खडक पाण्याखाली जाऊ शकतो. पूर्वीच्या माणसाचे नदीविषयीचे ज्ञान, म्हणजे घाटावरचे ढग पाहून, पाण्याचा गढूळ रंग पाहून उमजावे असे जे होते, ते सारे येथे निरुपयोगी ठरते.

याचा अर्थ काय होतो, हे हिमाचल प्रदेशात ८ जून २०१४ रोजी दिसले. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीस गेले असता मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरले व दगडांवर उभे राहून छायाचित्रे काढू लागले. वरच्या अंगास लारजी धरणातून पाणी सोडण्यात आले. २४ विद्यार्थी वाहून गेले. ती मुले वल्ही मारावयास गेली नव्हती, पोहावयासही नव्हे. ती नुसती उभी होती. २०१६ साली उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा भार वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार या तिघांवरही टाकला. धरणाखालच्या नदीत पाणी वाढणे हा दैवी कोप नव्हे, त्यामागे कोणाचा तरी हात असतो आणि म्हणून कोणाचे तरी उत्तरदायित्व असते, हाच त्या निर्णयाचा अर्थ आम्ही समजतो.

आपल्याकडे मात्र उत्तरदायित्वाऐवजी मनाईहुकूम निघतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यातून एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चौघांचा बळी गेला. दोन्ही दिवस रविवारचे होते, आणि बियासची दुर्घटना घडली तो दिवसही रविवारच. अशा घटनांमागोमाग खोल पाण्यात उतरू नये, वाहत्या पाण्यापाशी छायाचित्रे काढू नयेत, असे जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, नव्या संहितेत १६३ खाली निघतात. आकडा बदलला, एवढेच. पोलिसांचा एक शिपाई किती धबधब्यांवर उभा राहील? आणि आदेशाची मुदत संपल्यावर, नोव्हेंबरच्या स्वच्छ उन्हात जो जलाशयात उतरतो, त्याचे काय?

खरा घात तेथेच आहे, असे आम्हांस वाटते. तराफ्यावरच्या दोन-अडीच तासांत धोका दिसतो, म्हणून काळजीही घेतली जाते: लाइफ जॅकेट बांधलेले असते, पाणी जाणणारा गावचा तरुण मागे बसलेला असतो, सूचना ऐकल्या जातात. खळाळ संपला की जॅकेट उतरते आणि त्याबरोबर सावधपणाही उतरतो. सायंकाळी तंबूबाहेर शेकोटी पेटते, कोणाच्या हातात पेलाही असतो, समोरचे पाणी आरशासारखे निश्चल असते आणि एखादा म्हणतो, जरा पाय बुडवून येतो. धरणाचे पाणी म्हणजे बुडालेली दरी, हे त्याच्या ध्यानीमनी नसते. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडते आणि पाय गाळात रुततो. पोहण्याच्या तलावातील कौशल्य तेथे फारसे कामास येत नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने असे उपक्रम चालविणाऱ्यांस नोंदणी आवश्यक केली आहे. पण भाडे ठरविताना रात्रीच्या जेवणात मासे आहेत की कोंबडी याची चौकशी करणारा पाहुणा नोंदणीचा कागद मागतो काय?

यावर वीजगृहांच्या बाजूने असे म्हटले जाईल, की मागणी कमीजास्त होते, पाण्याची वेळ आधी कशी सांगावी? अडचण खरी आहे, परंतु अर्धीच. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून उद्या कोणत्या भागात किती वीज निर्माण करावयाची, याचे वेळापत्रक भारप्रेषण केंद्रात आदल्या दिवशीच तयार होते. त्यात ऐनवेळी फेरफार होतात हे मान्य; पण तराफे नेणारे त्याच पाण्याच्या भरवशावर सकाळची वेळ देतात, म्हणजे अंदाज अगदीच बांधता येत नाही असे नव्हे. व्यवसायिकाला जे कळते, ते काठावर मासे धरणाऱ्या कातकऱ्याला, धुणे घेऊन उतरलेल्या बाईला आणि पलीकडे तंबूत निजलेल्या पाहुण्याला का कळू नये? भोंगा वाजत असेल, तर त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला असतो काय? उद्या पाणी केव्हा सुटणार याची पाटी नदीच्या प्रत्येक उतारावर ठळक मराठीत रोज लागावी, वेळेत फेरफार झाल्यास वीजगृहाने थेट ग्रामपंचायतीस कळवावे, आणि काठावर तंबू भाड्याने देणाऱ्याने पाहुण्यांमागे एक याप्रमाणे जॅकेटे तंबूपाशीच ठेवावीत. यास नवा कायदा लागत नाही. रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वीजगृह, पाटबंधारे खाते आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांना एका बैठकीस बोलावले तरी येत्या शनिवारपासून पाट्या लागू शकतील.